दोनदा व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा मेंढीपालक: चार्ल्स अपहॅम यांची शेतीतली वर्षे कशी लिहावीत?

नमस्कार.

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. न्यूझीलंडचे कॅप्टन चार्ल्स अपहॅम यांच्यावर आपण एका दिवाळी अंकासाठी पंधरा पानांचा लेख लिहिला आहे. त्यातली बारा पाने क्रीट आणि इजिप्तमधल्या लढायांची आहेत, दोन पाने त्यांनी जर्मनांच्या कैदेत काढलेल्या काळाची, आणि उरलेले एक पान मेंढीपालनाचे व संसाराचे. संपादकांनी ‘शेवट पडला आहे’ असा शेरा मारून लेख परत पाठवला. आता त्या शेवटच्या पानात काय भर घालावी आणि घरच्या माणसांविषयी कितपत लिहावे, असे आपण विचारता. सैनिकांची चरित्रे लिहिण्याचे आणि संपादित करण्याचे काम मी बावीस वर्षे करीत आहे आणि असा शेरा मलाही मिळालेला आहे, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

माझ्या मते अडचण शेवटच्या पानाची नाही, पहिल्या पानाची आहे. आपण शेतीला युद्धानंतरचा भाग मानले आणि मांडणी तिथेच बिघडली. अपहॅम आधी सैनिक होते आणि मग शेतकरी झाले, असे घडलेले नाही. मेंढरांमागे डोंगर तुडवणारा एक माणूस सहा वर्षे युद्धात गेला आणि परत येऊन आपल्या कामाला लागला, असे ते आयुष्य आहे. हा क्रम मनात पक्का केला की आपल्याकडे आज आहेत तेच तपशील वेगळ्या जागी जाऊन बसतील आणि शेवटच्या पानावरचा भार आपोआप कमी होईल.

एक साधा हिशेब करून पाहावा. अपहॅम यांचा जन्म २१ सप्टेंबर १९०८ रोजी क्राइस्टचर्च येथे झाला आणि मृत्यू २२ नोव्हेंबर १९९४ रोजी तिथेच झाला, म्हणजे शहाऐंशी वर्षांचे आयुष्य. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च युद्धशौर्यपदक. पहिल्या व्हिक्टोरिया क्रॉसचे मानपत्र, म्हणजे कोणत्या कामगिरीसाठी पदक दिले ते सांगणारा अधिकृत मजकूर, क्रीटमधल्या २२ ते ३० मे १९४१ या नऊ दिवसांचे आहे. दुसऱ्याचे मानपत्र इजिप्तमधल्या रुवेसात टेकडीवरच्या १४ आणि १५ जुलै १९४२ या दोन दिवसांचे आहे. एकूण अकरा दिवसांना आपण बारा पाने दिली आणि शेतावरच्या सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांना एक. पाने वर्षांच्या प्रमाणात वाटावीत, असे मी मुळीच म्हणत नाही, कारण त्या अकरा दिवसांमुळेच आज आपण दोघे त्यांच्याविषयी बोलत आहोत. नऊ पाने युद्धाला ठेवावीत की सात, हे अंकाच्या वाचकावर अवलंबून आहे आणि ते आपले संपादक माझ्यापेक्षा चांगले सांगतील. मात्र हा ताळेबंद एकदा कागदावर मांडल्याशिवाय मी स्वतः कोणतेही सैनिकी चरित्र लिहायला घेत नाही. हा असमतोल आपल्याकडच्या लेखनातही सर्रास आढळतो. नगर जिल्ह्यातल्या निमज गावचे नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या इटलीतल्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि ते १९८४ पर्यंत जगले, पण त्यांच्यावरचे बहुतेक लेख सेनिओ नदीच्या काठावरच संपतात.

शब्दाविषयी एक सूचना. आपण शीर्षकात ‘रँचर’ लिहिले आहे. तो अमेरिकेतला शब्द आहे, आणि तो वाचला की वाचकाच्या डोळ्यांपुढे गुरे, घोडे आणि टेक्सास उभे राहते. न्यूझीलंडमध्ये डोंगराळ भागातल्या मोठ्या चराऊ जमिनीला ‘स्टेशन’ किंवा ‘रन’ म्हणतात आणि एरवी साधे ‘फार्म’. आपण सरळ ‘मेंढीपालक’ लिहावे.

आता युद्धापूर्वीचा भाग पाहू. तो आपण दोन ओळींत उरकला आहे, आणि माझ्या दृष्टीने लेखाचा कणा तोच आहे. वडील वकील, शाळा क्राइस्ट्स कॉलेजसारखी प्रतिष्ठित, आणि मुलगा मात्र क्राइस्टचर्चजवळच्या लिंकन गावातल्या कॅंटरबरी कृषी महाविद्यालयात जाऊन १९३० साली शेतीची पदविका घेतो. पुढची सहा वर्षे त्यांनी उंच डोंगरांतल्या मेंढ्यांच्या स्टेशनांवर काढली. तिथे त्यांनी राखणदाराचे, मस्टररचे आणि नंतर व्यवस्थापकाचे काम केले. मस्टरर म्हणजे डोंगरभर विखुरलेल्या मेंढ्या हाकून खाली आणणारा माणूस. वाचकाला ‘ते मस्टरर होते’ एवढेच सांगून काही कळत नाही, म्हणून हे काम चालते कसे, ते दाखवावे. दक्षिण बेटावरच्या या डोंगरांत मेरिनो मेंढ्या उन्हाळाभर वर चरतात आणि हिवाळ्याचे बर्फ पडण्याआधी त्यांना उतरवावे लागते. माणसे उजाडण्यापूर्वी निघतात आणि उतारावर एकाखाली एक, ठरावीक अंतर सोडून उभी राहतात. मग सगळी रांग एकाच वेळी आडवी सरकू लागते. मेंढी बिथरली की वर पळते, म्हणून सर्वांत वरच्या माणसावर सर्वाधिक जबाबदारी असते आणि सर्वांत अवघड वाटही त्याच्याच वाट्याला येते. सोबत दोन प्रकारची कुत्री असतात. ‘हेडिंग डॉग’ अजिबात न भुंकता लांबचा वळसा घेऊन कळपाच्या पुढे जातो आणि त्याला थोपवतो. ‘हंटअवे’ मागे राहून भुंकत भुंकत कळपाला रेटतो. मस्टररला एवढेच पाहायचे असते की कोणत्या सोंडेमागे कोणती घळ लपलेली आहे आणि आपण तिथे पोहोचेपर्यंत तिच्यातून काय निसटेल.

हा परिच्छेद लेखाच्या सुरुवातीला आला, तर क्रीटची पाने वेगळी वाचली जातात. ३० मे रोजी स्फाकियाजवळ त्यांनी आपली तुकडी दरीच्या कडेच्या उभ्या चढावरून वर नेली आणि खालच्या घळीतून येणाऱ्या जर्मनांना वरून गाठले, असे मानपत्रात आहे. त्या वेळी ते अनेक दिवस आमांशाने आजारी होते आणि अंगावर जखमा होत्या. डोंगराची ही नजर त्यांनी युद्धशाळेत कमावली की मेंढरांमागे, हे मानपत्र सांगत नाही. मी हे अनुमान जरूर लिहीन, पण ‘असे वाटते’ म्हणून लिहीन आणि एकदाच लिहीन.

यानंतरची एक गोष्ट आपल्या लेखातून पूर्णपणे निसटली आहे. १९३७ साली अपहॅम सरकारी मूल्यांकन खात्यात लागले आणि टिमारू येथे जमिनींची किंमत ठरवणारे साहाय्यक अधिकारी झाले. १९३९ साली ते मूल्यांकन आणि शेती व्यवस्थापनाची पदविका घेण्यासाठी पुन्हा लिंकनला गेले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, सैन्यात भरती झाले. याचा अर्थ असा की युद्धावर गेलेला हा माणूस नुसता शेतीची आवड असलेला गडी नव्हता. एखादी जमीन किती मेंढ्या पोसेल, तिच्यावर किती कर्ज पेलेल आणि कोणत्या भावाला ती मालकाला बुडवील, हे सांगणे हा त्यांचा पेशा होता.

हे ध्यानात ठेवून आता दहा हजार पौंडांकडे यावे. युद्ध संपल्यावर कॅंटरबरीच्या, म्हणजे क्राइस्टचर्च ज्या प्रांतात आहे त्या प्रांताच्या, लोकांनी त्यांना शेत घेऊन देण्यासाठी दहा हजार पौंड जमवले. अपहॅम यांनी ते नाकारले, आणि त्या पैशातून माजी सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. त्यांनी स्वतः परतलेल्या कोणत्याही सैनिकाला मिळू शकणारे पुनर्वसन कर्ज काढले आणि नॉर्थ कॅंटरबरीत, हुंडालीजवळच्या कॉनवे फ्लॅट येथे शेत घेतले. आपण यावर ‘असा होता त्यांचा विनय’ असे एक वाक्य लिहिले आहे. ते वाक्य मी काढून टाकीन, कारण विनय हा शब्द या प्रसंगाला पुरत नाही.

सैनिकाला जमीन देण्याचा प्रयोग न्यूझीलंडने पहिल्या महायुद्धाच्या वेळीही केला होता. त्यातल्या कित्येकांना दूरची, निकृष्ट जमीन युद्धोत्तर तेजीच्या भावाने पदरात पडली. पुढे शेतमालाचे भाव कोसळले आणि कर्जे तशीच राहिली. मंगापुरुआ खोऱ्यात १९१७ पासून सैनिकांची वस्ती झाली. त्यांच्यासाठी काँक्रीटचा पूल बांधून पूर्ण झाला तो १९३६ साली, आणि १९४२ साली सरकारने खोरेच सोडून दिले. तो पूल आजही जंगलात उभा आहे आणि ‘ब्रिज टू नोव्हेअर’, म्हणजे कुठेही न जाणारा पूल, या नावाने ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धात सरकार सावध झाले आणि सैनिकांच्या पुनर्वसनासाठी १९४३ साली कायदा करून शेतजमिनींच्या विक्रीच्या भावावर नियंत्रण आणले. जमिनीची किंमत ठरवण्याचे शिक्षण घेतलेल्या माणसाला हा इतिहास ठाऊक नसेल, हे संभवत नाही. कर्जाने घेतलेल्या शेतात काय होऊ शकते, हे पुरते जाणून त्यांनी फुकटचे शेत नाकारले. सोबतच्या हजारो सैनिकांना जे मिळत होते तेच, त्याच अटींवर, त्यांनी घेतले. आपल्या लेखातले मध्यवर्ती वळण हे आहे, आणि त्याला दीड पान तरी द्यावे.

या कर्जाचा भार एकट्या अपहॅम यांच्यावर नव्हता, आणि इथे मॉली लेखात यायला हव्यात. आपण त्यांना ‘पत्नीची मोलाची साथ लाभली’ या वाक्यात बसवले आहे. हे वाक्य मी गेल्या बावीस वर्षांत इतक्या हस्तलिखितांतून खोडले आहे की आता ते दिसताच हात आपोआप लाल पेनाकडे जातो. मॉली मॅक्टामनी या परिचारिका होत्या. १९३८ साली दोघांचे लग्न ठरले आणि झाले ते २० जून १९४५ रोजी, इंग्लंडमध्ये हँपशर परगण्यात. मधली सात वर्षे वाट पाहण्यात गेली. त्या वर्षांच्या तारखाच पुरेशा बोलक्या आहेत: मे १९४१ मध्ये क्रीट, जुलै १९४२ मध्ये जखमी अवस्थेत कैद, पळून जाण्याच्या प्रयत्नांमुळे ऑक्टोबर १९४४ मध्ये जर्मनीतल्या कोल्डिट्झ किल्ल्यातल्या कडक बंदोबस्ताच्या तुरुंगात रवानगी, एप्रिल १९४५ मध्ये सुटका, ११ मे रोजी बकिंगहॅम राजवाड्यात राजाच्या हस्ते पहिले पदक, आणि त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत लग्न. दुसरा व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला २६ सप्टेंबर १९४५ रोजी, म्हणजे लग्नानंतर. एवढा क्रम नुसता लिहिला तरी वाचक ती सात वर्षे मोजतो. त्यांच्या तोंडी संवाद घालू नयेत आणि ‘तिने डोळ्यांत पाणी आणून होकार दिला’ यासारखे काही रचू नये.

दुसऱ्या पदकाच्या वेळचा एक प्रसंग मात्र आपण गाळला आहे, तो घ्यावा. एकाच माणसाला हा सन्मान दुसऱ्यांदा देणे योग्य आहे का, असे राजे सहावे जॉर्ज यांनी मेजर जनरल किपेनबर्गर यांना विचारले, तेव्हा अपहॅम यांनी तो कैक वेळा मिळवला आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. किपेनबर्गर हे अपहॅम यांच्या बटालियनचे पहिले प्रमुख होते आणि युद्धापूर्वी नॉर्थ कॅंटरबरीतल्याच रांगिओरा गावात वकिली करीत. दोघेही एकाच मुलखातले होते, हे सांगितले की त्या उत्तराला वजन येते. आजवर हा सन्मान दोनदा मिळालेले तिघेच आहेत, आणि उरलेले दोघे, आर्थर मार्टिन-लीक आणि नोएल शवास, सैन्यातले डॉक्टर होते. यांपैकी मार्टिन-लीक यांनी बंगाल-नागपूर रेल्वेत डॉक्टर म्हणून बरीच वर्षे काढली. विदर्भातल्या वाचकाला याचे कुतूहल वाटेल, तरी आपल्या लेखात तो तपशील घेऊ नये, कारण त्यामुळे धागा सुटेल.

प्रत्यक्ष शेतीच्या वर्षांविषयी माझ्याच एका चुकीची हकीकत सांगतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शौर्यपदकप्राप्त हवालदारांवर मी पूर्वी लेख लिहिला होता आणि त्याचा शेवट ‘निवृत्तीनंतर त्यांनी शांतपणे शेती केली’ असा केला होता. लेख छापून आल्यावर त्यांच्या मुलीचे पत्र आले. तिने एवढेच विचारले होते की, तीन विहिरी खणल्या, त्यांतल्या दोन कोरड्या गेल्या, सोसायटीच्या कर्जापायी आईच्या पाटल्या मोडल्या, यात शांतपणे काय होते? त्या दिवसापासून ‘शांतपणे शेती केली’ हे शब्द मी लिहिलेले नाहीत. आपल्या लेखातही ते आहेत.

त्याऐवजी दोन गोष्टी कराव्यात. पहिली म्हणजे हाताची दुखापत शेतात आणावी. रुवेसातच्या लढाईत मशीनगनची गोळी त्यांच्या कोपरातून गेली आणि हात मोडला, हे आपण लिहिले आहे, पण तो हात आपण रणांगणावरच सोडून दिला. तोच हात घेऊन ते कॉनवे फ्लॅटला आले, आणि दुखापतींनी अडवले तरीही त्यांनी शेती यशस्वी करून दाखवली. मेंढीपालनातली कामे जवळजवळ सगळी दोन हातांची आहेत. मेंढीची खुरे साळायची किंवा लोकर कातरायची, तर एक हात तिच्या जबड्याखाली घालून मान बाजूला वळवावी लागते आणि दुसऱ्या हाताने कुशीला धरून, तिचा तोल जाताच, तिला ढुंगणावर बसवावे लागते. पन्नास-साठ किलोंचे ते धूड एकदा बसले की मुकाट राहते, पण बसेपर्यंत सगळा जोर मनगटात आणि कोपरात लागतो. असे तीन-चार ओळींचे वर्णन केले की जखम म्हणजे काय, हे वाचकाला रणांगणाच्या वर्णनापेक्षा अधिक कळते.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या काळातल्या लोकरीचे भाव लेखात आणावेत. १९५०-५१ मध्ये कोरियाच्या युद्धामुळे न्यूझीलंडच्या लोकरीचे भाव जवळजवळ तिप्पट झाले. १९६६ च्या अखेरीस ते कोसळले. १९७३ साली ब्रिटन युरोपीय समुदायात गेले आणि न्यूझीलंडच्या मांसाची व लोण्याची हक्काची बाजारपेठ डळमळली. १९८४ नंतर सरकारने शेतीवरची अनुदाने काढून घेतली. हे कुटुंब या सगळ्यातून जमीन राखून बाहेर पडले आणि जानेवारी १९९४ पर्यंत शेतावरच राहिले. त्यांचा नफा-तोटा अंदाजाने लिहू नये, पण ही चढउतार सांगितली की अठ्ठेचाळीस वर्षे सपाट वाटत नाहीत.

या संदर्भात १९६२ सालचा प्रसंगही नीट बसतो. ब्रिटनने युरोपीय आर्थिक समुदायात जाऊ नये, असे अपहॅम यांनी तेव्हा जाहीरपणे आणि कडक शब्दांत सांगितले. आपण ते ‘जर्मनांविषयीचा जुना राग’ म्हणून सोडून दिले आहे. राग होताच, पण बोलणारा माणूस ब्रिटनच्या बाजारावर पोट असलेला मेंढीपालकही होता. दोन्ही कारणे शेजारी ठेवावीत आणि त्यांतले खरे कोणते, याचा निवाडा आपण करू नये. त्यांच्या शेतावर जर्मन बनावटीचे यंत्र किंवा गाडी येऊ देत नसत, ही कथाही आपण ठाम विधान म्हणून लिहिली आहे. ती ‘असे सांगितले जाते’ म्हणून लिहावी. मौखिक गोष्टीला मौखिक म्हटल्याने तिचा गोडवा कमी होत नाही, आणि बाकीच्या विधानांवरचा वाचकाचा विश्वास वाढतो.

मुलींविषयी आपण विचारले आहे. अपहॅम दांपत्याला तीन मुली झाल्या, त्यांत जुळ्या होत्या. त्यांची नावे, लग्ने, पत्ते यांत वाचकाला देण्यासारखे काही नाही. माझा नियम असा आहे की, घरातल्या व्यक्तीने स्वतः जे सार्वजनिक केले, तेवढेच तिच्याविषयी लिहावे. मुलींनी केलेली अशी एक गोष्ट आहे: २००६ साली त्यांनी वडिलांची पदके लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमला विकली. न्यूझीलंडच्या कायद्याप्रमाणे असा ठेवा परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून ती पदके न्यूझीलंडमधल्या वाइऊरूच्या लष्करी संग्रहालयातच राहिली. डिसेंबर २००७ मध्ये तिथून ती इतर पदकांसह चोरीला गेली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये परत मिळाली. आपण या चोरीला अर्धे पान दिले आहे आणि विकण्याच्या निर्णयावर एक टोचणारे विशेषण वापरले आहे. ते विशेषण काढावे. वारसांनी काय करावे, हे आपण बाहेरून ठरवू शकत नाही. चोरीला दोन वाक्ये पुरेत.

अपहॅम यांनी सुमारे वीस वर्षे आपल्या जुन्या शाळेच्या नियामक मंडळावर काम केले, हे एका वाक्यात यावे, कारण शेताबाहेरच्या त्यांच्या वावराचा तो विश्वासार्ह पुरावा आहे. आणखी तपशील हवे असतील तर न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ‘पेपर्स पास्ट’ या संकेतस्थळावर जुनी वृत्तपत्रे मोफत वाचायला ठेवली आहेत, त्यांत क्राइस्टचर्चचे ‘द प्रेस’ही आहे. ‘अपहॅम’ एवढाच शब्द टाकून शोधू नये, कारण मग नुसती पदकेच समोर येतील. ‘कॉनवे फ्लॅट’ आणि ‘हुंडाली’ या गावांच्या नावांनी शोधावे. मेंढ्यांचे बाजार, पूर, रस्ते, शाळा अशा बातम्यांतून तो परिसर डोळ्यांपुढे उभा राहील आणि शेतीची पाने लिहिताना आधार मिळेल.

शेवटाविषयी म्हणाल तर, आपण लष्करी इतमामातल्या अंत्ययात्रेवर आणि क्राइस्टचर्चच्या रस्त्यांवर उभ्या असलेल्या हजारो लोकांवर लेख संपवला आहे. ती दृश्ये खरी आहेत आणि मोठीही आहेत, पण ती त्या अकरा दिवसांच्या वाट्याची आहेत, म्हणून त्यांना दुसऱ्या पदकाच्या परिच्छेदाला जोडून घ्यावे. लेख जानेवारी १९९४ मध्ये थांबवावा: प्रकृती साथ देईना म्हणून पंच्याऐंशी वर्षांचे अपहॅम आणि मॉली यांनी कॉनवे फ्लॅट सोडले आणि ते क्राइस्टचर्चला राहायला गेले. नवा मसुदा झाला की शेतीची तेवढी पाने मला पाठवावीत, मी वाचून कळवतो.